हातगुण आणि औषधगुण : संधिवातावरील उपचारांच्या कसोटीचा इतिहास

१

उत्तरेस वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळची खाडी, दक्षिणेस शास्त्री नदीची जयगडची खाडी, पश्चिमेस सागर आणि पूर्वेस चिपळूणकडे चढत जाणारा डोंगराळ मुलूख, अशी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्याची चतुःसीमा आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, पावसाळ्यातील भातलावणी आणि मासेमारी हे येथील जुने व्यवसाय होत. या तिन्ही व्यवसायांत ओलीत उभे राहणे, तासन् तास वाकणे, उंच चढणे आणि ओझी वाहणे अटळ असते. त्यामुळे सांध्यांची दुखणी येथे घरोघर परिचयाची असल्यास नवल नाही. गुडघे धरले, सांधे आखडले, वाताने अंग जड झाले, अशा शब्दांनी ती सांगितली जातात. आणि दमट हवा हेच त्यांचे मूळ होय, असा लोकांचा पूर्वापार समज आहे.

या दुखण्यांवरील घरगुती उपचारही तितकेच जुने आहेत. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, तेलाचे मर्दन, जाणत्या माणसाच्या सल्ल्याने बिब्ब्याचा उपयोग आणि उष्णोदकाच्या कुंडांतील स्नान हे त्यांतील प्रमुख. कुंडांच्या बाबतीत रत्नागिरी जिल्हा विशेष भाग्यवान म्हटला पाहिजे. दापोली तालुक्यातील उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातील आरवली, तुरळ व राजवाडी आणि राजापूरजवळील उन्हाळे येथे ऊन पाण्याचे झरे आहेत. त्या पाण्यात बसून सांधे मोकळे झाल्याचे सांगणारी माणसे पिढ्यान् पिढ्या आढळत आली आहेत.

उपचाराने बरे वाटले म्हणजे मराठीत 'गुण आला' असे म्हणतात. त्याच भाषेत 'हातगुण' असाही एक शब्द आहे. तेच औषध एका वैद्याने दिले तर लागू पडते आणि दुसऱ्याने दिले तर पडत नाही, हा अनुभव त्या शब्दात साठविलेला आहे. औषधाच्या अंगचा गुण निराळा आणि ते देणाऱ्याच्या हाताचा गुण निराळा, हे या भाषेने फार पूर्वीच ओळखले होते. मात्र एखाद्या रोग्यास आलेल्या गुणातील किती वाटा औषधाचा आणि किती हाताचा, हे मोजावे कसे, या प्रश्नाचे उत्तर केवळ अनुभवातून मिळण्याजोगे नव्हते. संधिवातावरील चिकित्सेच्या संशोधनाचा इतिहास हा मुख्यतः याच मोजणीचा इतिहास आहे. तिच्यातील एक महत्त्वाचे प्रकरण महाराष्ट्रात घडलेले असल्याने त्याचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

२

मोजणी कठीण होण्यास दोन कारणे होती. पहिले कारण नावाचे. 'संधिवात' या एका शब्दाखाली अनेक भिन्न रोग वावरतात. माधवकराने सातव्या-आठव्या शतकांच्या सुमारास रचिलेल्या रोगनिदानाच्या ग्रंथात आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिले. हातापायांच्या सांध्यांवर येणारी सूज आणि विंचवाच्या दंशासारखी वेदना ही त्याने नोंदविलेली लक्षणे आजच्या वाचकासही ओळखीची वाटतात. युरोपात आल्फ्रेड गॅरड याने १८५९ मध्ये वातरक्ताच्या जातीच्या विकारापासून संधिवाताभ संधिशोथ वेगळा करून त्याला आज रूढ असलेले 'रुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव दिले. या रोगात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्याच्या आवरणावर उलटते आणि वेळीच आवर घातला नाही तर सांधा कायमचा विद्रूप होतो. उतारवयात गुडघ्यातील कूर्चा झिजून होणारे दुखणे, म्हणजे अस्थिसंधिशोथ, हे त्याहून अगदी निराळे होय. दोन्ही रोग्यांचे गुडघेच दुखत असले तरी एकाचे औषध दुसऱ्याला लागू करणे म्हणजे ताप आला एवढ्यावरून औषध ठरविण्यासारखे आहे.

दुसरे कारण रोगाच्या स्वभावाचे. संधिवाताभ विकार सरळ रेषेत वाढत नाही. तो चढतो आणि उतरतो. रोगी सामान्यतः वेदना पराकोटीस पोचली म्हणजे वैद्याकडे जातो किंवा कुंडावर स्नानास निघतो. त्यानंतर काही दिवसांनी, काहीही न करता देखील, वेदनेस उतार पडण्याचा संभव असतो. या नैसर्गिक उताराचे श्रेय त्या वेळी चालू असलेल्या उपचारास मिळते. उतार पडणे आणि गुण येणे या दोन गोष्टी रोग्याच्या शरीरात एकरूप होऊन जातात. त्यांना विलग करावयाचे तर उपचार घेतलेल्या रोग्यांशेजारी न घेतलेले, परंतु इतर सर्व बाबतींत सारखे असलेले रोगी उभे करावे लागतात.

३

ही तुलना रूढ होण्यापूर्वी औषधे कशी सापडत, याचे बोधप्रद उदाहरण स्कॉटलंडमधील डंडी येथील डॉक्टर मॅक्लॅगन यांचे आहे. जेथे रोग उपजतो तेथेच त्याचे औषधही निसर्गाने ठेविलेले असावे, अशी त्यांची कल्पना होती. सांध्यांचा ज्वर दमट, सखल प्रदेशात आढळतो. वाळुंजाच्या जातीची झाडेही तशाच प्रदेशात वाढतात. तेव्हा त्या झाडाच्या सालीतील सॅलिसिन हे द्रव्य देऊन पाहावे, असा त्यांनी तर्क केला आणि १८७६ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. द्रव्य खरोखरच उपयोगी ठरले. त्याच कुळातील ॲस्पिरिन १८९९ मध्ये बाजारात आले आणि पुढील अर्धशतक सांधेदुखीचे मुख्य औषध होऊन राहिले. दमट हवेवर रोगाचे खापर फोडणाऱ्या कोकणी माणसास मॅक्लॅगन यांचा तर्क जवळचा वाटेल. परंतु तर्क चुकीचा असून औषध खरे निघाले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. याच्या उलटही घडू शकते, म्हणजे तर्क सुंदर असून औषध निरुपयोगी ठरू शकते. म्हणून उपपत्तीवरून औषधाची परीक्षा होत नाही.

सुवर्णक्षारांची कथा अशीच आहे. सोन्याची संयुगे क्षयाच्या जंतूंना मारक ठरतील या आशेने वापरली गेली होती. संधिवाताभ विकारही क्षयासारखाच जंतुजन्य असावा, अशा समजुतीने फ्रेंच डॉक्टर झाक फोरेस्तिए यांनी ती या रोगात वापरली व १९२९ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. समजूत चुकीची होती. पण रोग्यांना बरे वाटे. हा गुण सोन्याचा की सुईचा, याचा निकाल लागण्यास तीस वर्षे लागली. ब्रिटनमधील एम्पायर ऱ्हुमॅटिझम कौन्सिलने सुमारे २०० रोग्यांचे दोन गट करून एका गटास दर आठवड्यास ५० मिलिग्रॅम सुवर्णक्षार आणि दुसऱ्या गटास केवळ ०.०१ मिलिग्रॅम इतकी नाममात्र मात्रा टोचली. सुई दोघांनाही सारखीच टोचली जात होती. १९६० आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पूर्ण मात्रेच्या गटाची स्थिती अधिक चांगली आढळली आणि सोन्याचा स्वतःचा गुण सिद्ध झाला.

कॉर्टिसोनच्या बाबतीत मोजणीने उलट काम केले. २१ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांच्या देखरेखीखाली एका २९ वर्षांच्या स्त्रीस हे द्रव्य प्रथम टोचण्यात आले. अंथरुणास खिळलेली ती रोगी काही दिवसांतच हिंडूफिरू लागली. जगभर खळबळ उडाली आणि १९५० मध्ये हेंच, केंडॉल व राइशस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि ब्रिटनमध्ये ६१ रोग्यांपैकी काहींना कॉर्टिसोन व काहींना साधे ॲस्पिरिन देऊन वर्षभर पाहणी केली गेली, तेव्हा १९५४ च्या अहवालानुसार दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक उरला नव्हता. दरम्यान मोठ्या मात्रेने चेहरा सुजणे, हाडे ठिसूळ होणे इत्यादी दुष्परिणामही उघड झाले. पुढे १९९५ मध्ये झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत याच वर्गातील प्रेडनिसोलोन अल्प मात्रेत दिले असता सांध्यांची नासाडी मंदावते, असे दिसून आले. तात्पर्य, 'स्टेरॉइड चांगले की वाईट' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या मात्रेत, किती काळ आणि कशाच्या तुलनेत, हे सांगितल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही.

आज या रोगात पायाभूत मानले जाणारे औषध मेथोट्रेक्सेट होय. त्याच्या पूर्वेतिहासात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. आंध्रातील येल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधन करीत होते. त्यांच्या मार्गदर्शनाखालील गटाने फॉलिक अम्लास विरोध करणारी द्रव्ये तयार केली व ती रक्ताच्या कर्करोगात प्रथम वापरली गेली. सुब्बाराव १९४८ मध्ये निवर्तले. १९५१ मध्ये गब्नर व त्यांच्या सहकाऱ्यांना त्यांपैकी ॲमिनॉप्टेरिन हे द्रव्य संधिवाताभ विकारातही उपयोगी पडत असल्याचे आढळले. परंतु कॉर्टिसोनच्या झगमगाटात तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. छद्म औषधाशी रीतसर तुलना करून मेथोट्रेक्सेटचा गुण १९८५ मध्ये प्रस्थापित झाला आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्यास या रोगासाठी मान्यता मिळाली. मध्ये गेलेली तीस-पस्तीस वर्षे ही मोजणी न केल्याची किंमत होती. त्यानंतर लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी व मार्क फेल्डमन यांनी लंडनमध्ये दाहकारक प्रथिनास अडविणारे प्रतिपिंड वापरून १९९४ मध्ये ७३ रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध केली आणि जैविक औषधांचे युग सुरू झाले.

४

हे सारे युरोप-अमेरिकेत घडत असता भारतातील चित्र दुहेरी होते. शहरांतील रुग्णालयांत पाश्चात्त्य औषधे वापरली जात, पण खेड्यांत हे रोग किती आहेत याची मोजदाद नव्हती. दुसरीकडे आयुर्वेदीय औषधे लक्षावधी लोक घेत होते, पण त्यांची तुलनेने परीक्षा झालेली नव्हती. या दोन्ही उणिवांकडे पुण्यातील संधिरोगतज्ज्ञ डॉ. अरविंद चोपडा व त्यांचे सहकारी वळले.

प्रथम मोजदाद झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ पासून 'कॉपकॉर्ड' नावाची योजना राबविली होती. घरोघर जाऊन दुखणाईत माणसे शोधावयाची, प्रश्नावलीच्या आधारे त्यांची माहिती टिपावयाची आणि मग तज्ज्ञाकडून त्यांना तपासावयाचे, अशी तिची पद्धत होती. १९९६ मध्ये ही पाहणी पुणे-सोलापूर रस्त्यावरील, उजनी जलाशयाच्या काठच्या भिगवण या गावी झाली. ४०९२ प्रौढांची चौकशी होऊन ७४६ जणांना, म्हणजे शेकडा १८.२ लोकांना, हाडे, सांधे वा स्नायू यांची दुखणी असल्याचे आढळले. संधिवाताभ विकाराचे प्रमाण शेकडा सुमारे अर्धा आणि अस्थिसंधिशोथाचे शेकडा सुमारे सहा निघाले. भिगवण हे कोकणाप्रमाणे अतिवृष्टीचे गाव नव्हे. ते पर्जन्यछायेतील आहे. तेथेही पाच-सहा माणसांत एकास ही दुखणी असावीत, हा निष्कर्ष दमट हवेलाच मुख्य कारण मानणाऱ्या समजुतीस विचार करावयास लावणारा आहे.

त्यानंतर औषधांची परीक्षा आली. अश्वगंधा, शल्लकी, सुंठ आणि हळद यांपासून सिद्ध केलेले एक औषध १८२ संधिवाताभ रोग्यांवर १६ आठवडे तपासले गेले. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने रोग्यांची विभागणी झाली. एका गटास औषध व दुसऱ्यास तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी मिळाली. कोणास काय मिळाले हे रोग्यास वा तपासणाऱ्यास ठाऊक नव्हते. पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन हेही या संशोधनात सहभागी होते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष सर्वांनाच अंतर्मुख करणारा होता. औषध घेणाऱ्यांत सुधारणा अधिक होती. परंतु सांध्यांच्या सुजेसारख्या मोजक्या बाबी सोडल्यास तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. कारण छद्म गोळी घेणाऱ्यांनाही चांगलाच गुण आला होता.

हातगुणाचे याहून स्पष्ट दर्शन क्वचितच घडले असेल. आस्थेने विचारपूस झाली, नियमित तपासणी झाली, कोणीतरी आपल्या दुखण्याची नोंद ठेवीत आहे असे वाटले, आणि तेवढ्यानेही पुष्कळांच्या वेदना हलक्या झाल्या. त्यांत रोगाच्या स्वाभाविक उताराचीही भर पडली असणार. हा निष्कर्ष आयुर्वेदाच्या अभिमान्यांस पूर्ण समाधान देणारा नव्हता आणि त्याच्या टीकाकारांसही नव्हता. तथापि तो झाकून न ठेवता आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध करण्यात आला, हे या संशोधनाचे खरे मोल होय.

अशाच घटकांच्या औषधाची परीक्षा पुढे गुडघ्याच्या अस्थिसंधिशोथात ९० रोग्यांवर ३२ आठवडे झाली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वेदना व हालचाल या दोहोंत औषधाचा गट छद्म गोळीच्या गटापेक्षा सरस ठरला. पहिल्या चाचणीत अनिर्णित राहिलेले औषध दुसऱ्या रोगात आणि अधिक दीर्घ कालावधीत उपयोगी ठरावे, यावरून रोगाचे नाव अचूक ठरविण्याचे महत्त्व पुन्हा प्रत्ययास येते.

यानंतर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या साहाय्याने अधिक मोठा प्रयत्न झाला. गुडघ्याच्या विकाराच्या ४४० रोग्यांचे चार गट करून दोघांना सुंठ, गुळवेल, आवळा यांवर आधारलेली दोन औषधे (त्यांपैकी एकात गुग्गुळही होता), तिसऱ्यास ग्लुकोसामाइन आणि चौथ्यास सेलेकॉक्सिब देण्यात आले. २४ आठवड्यांनंतर आयुर्वेदीय औषधे इतर दोहोंच्या तोडीची आढळली, असा अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच अहवालात दुसरीही एक नोंद आहे. आयुर्वेदीय औषधे घेणाऱ्या काही रोग्यांत कोणतेही लक्षण नसता यकृताच्या विकरांचे रक्तातील प्रमाण वाढले आणि औषध थांबविताच ते पूर्ववत झाले. पुढे २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रोग्यांच्या यकृतविकाराचे वृत्त प्रसिद्ध केले व आयुष मंत्रालयाने त्याचा प्रतिवाद केला. वनस्पतिजन्य औषध म्हणजे निरुपद्रवी, हे गृहीतही तपासूनच घ्यावे लागते, एवढे यावरून निश्चित दिसते. संधिवाताभ विकारातही १२१ रोग्यांवर हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनशी तुलना होऊन २०१२ मध्ये परिणाम तुल्य असल्याचे नोंदविले गेले. मात्र हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे या रोगातील सौम्य औषध होय. त्याच्याशी बरोबरी म्हणजे मेथोट्रेक्सेटशी बरोबरी नव्हे.

पाश्चात्त्य औषधासही हीच कसोटी लावली गेली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ मध्ये चिकुनगुनियाची साथ आली होती. सुमारे तीन दशकांच्या खंडानंतर २००५-०६ मध्ये तो रोग परतला. ताप उतरल्यावरही कित्येकांचे सांधे महिनोन् महिने दुखत राहिले. अशा रोग्यांना क्लोरोक्वीन देण्याचा प्रघात पडला होता. पुण्याच्या संशोधकांनी ७० रोग्यांवर २४ आठवडे त्याची तुलना मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाशी केली. २०१४ च्या अहवालानुसार दोन्ही गटांतील रोगी सुधारले, पण क्लोरोक्वीनचा अधिक लाभ दिसला नाही.

५

या इतिहासाचा गुहागरच्या सांधे आखडलेल्या माणसास काय उपयोग, हा प्रश्न अप्रस्तुत नाही. संधिरोगांचे तज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत आढळतात आणि संधिवाताभ विकारात तर पहिले काही महिनेच निर्णायक असतात. त्या काळात रोगी एका औषधाच्या कीर्तीवरून दुसऱ्याकडे जात राहिला आणि मधून मधून नैसर्गिक उतार पडत गेला, तर प्रत्येक वेळी गुण आल्याचा भास होतो व सांधा मात्र आतून नासत जातो. घटक न सांगता दिल्या जाणाऱ्या पुड्यांनी दोन दिवसांत उभे केले, तर तीत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शंका घेणे योग्य. इतका झटपट गुण कशाने येतो, हे १९४८ पासून ज्ञात आहे. उलट खरे औषधही चुकीने घेतल्यास घातक होते. संधिवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते रोज घेतले गेल्याने प्राणावर बेतल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत.

उष्णोदकाच्या कुंडांचा विचारही याच दृष्टीने करता येईल. ऊन पाण्याने स्नायू सैल होतात, पाण्यात देहाचा भार हलका होतो आणि वेदना काही काळ शमते, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, कुंडाच्या पाण्यातील खनिजांचा काही निराळा गुण आहे किंवा कसे. कुंडाच्या पाण्याची तुलना तितक्याच ऊन केलेल्या साध्या पाण्याशी करून याचे उत्तर मिळविता येते. हंगेरीत अशा चाचण्या झालेल्या आहेत आणि रत्नागिरी जिल्ह्यातील कुंडांवरही त्या होण्याजोग्या आहेत. उत्तर काहीही आले तरी कुंडास जाणाऱ्याचे त्यात नुकसान नाही. मात्र संधिवाताभ रोग्याने स्नानाबरोबर रोगास आवर घालणारे औषधही चालू ठेवावे, हे त्यातून अधिक ठामपणे सांगता येईल.

हातगुण ही भ्रामक वस्तू नव्हे. १८२ रोग्यांच्या चाचणीने तिचे बळ आकड्यांत दाखविले आहे आणि ज्याच्या हाती तो आहे त्या वैद्याने वा डॉक्टराने त्याचा अवश्य उपयोग करावा. परंतु हातगुण वेदनेस शांतवू शकला, तरी नासत चाललेल्या सांध्यास वाचवू शकतो असा पुरावा नाही. ते काम औषधगुणाचे आहे. आणि कोणत्या औषधात तो आहे, हे शेजारी शेजारी ठेवून मोजल्याखेरीज कळत नाही, मग ते औषध माधवकराच्या परंपरेतील असो वा लेडर्लेच्या प्रयोगशाळेतील असो.